चौदाशे दात आणि एक बायोस

कॉम्प्युटर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी एका बाईंची वरची उजवी दाढ कोरत होते. कोरत होते म्हणजे स्क्रीनवर. मेणात कोरायचे दिवस गेले. दाढेच्या माथ्यावरची शेवटची खाच तेवढी राहिली होती. माऊस पुढे सरकवला आणि स्क्रीन निळा झाला, मग काळा. पंख्याचा आवाजसुद्धा थांबला. मी एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

आमची लॅब दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततो, तो स्कॅन करतो, मग मी कॉम्प्युटरवर दाताचा आकार घडवते आणि शेजारच्या खोलीतलं मशीन तो आकार एका पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढतं. कॅप असो, ब्रिज असो, आकार माझा. कॉम्प्युटरबरोबर कंपनीचे तयार दातही येतात, पण ते सगळे जाहिरातीतले. एकसारखे, गुळगुळीत, कधी सुपारीसुद्धा न फोडलेले. साठीच्या माणसाच्या तोंडात असला दात बसवला की तो दुरूनच ओरडतो, मी नकली म्हणून. म्हणून अकरा वर्षं मी माझे दात जमवत आले. शिवणकाम करणाऱ्या बाईचा, दोरा तोडून तोडून खाच पडलेला पुढचा दात. एकाच बाजूनं चावणाऱ्या म्हाताऱ्याची झिजलेली दाढ. झोपेत दात खाणाऱ्याचे सपाट सुळे. चौदाशेच्या वर आकार झालेत. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून पाठवतात, "त्या बाईंनाच करू दे." त्या बाई म्हणजे मी.

आणि हे चौदाशे दात होते फक्त त्या एका कॉम्प्युटरमध्ये. दुसरीकडे कुठेही नव्हते. तशी खबरदारी मीच घेतली होती.

कॉम्प्युटर बघायला जो येतो त्याला आम्ही पेनड्राइव्ह म्हणतो, कारण त्याच्या गळ्यात कायम एक लटकत असतो. चाळिशीचा माणूस, पण मला काकू म्हणतो. मी त्याच्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी मोठी असेन. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, काहीतरी चालवून पाहिलं, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "काकू, बायोस अपडेट करावं लागणार."

"ते काय असतं?"

"कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जो जागा होतो तो. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बसलेला असतो. कुणाला किती वीज द्यायची, कुणाला कधी उठवायचं, तो ठरवतो. तुमच्या बोर्डावरचा जुना आहे आणि तो प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त वीज देतोय. त्यानं प्रोसेसर आतून झिजतोय. म्हणून असा मध्येच बंद पडतो."

झिजणं मला समजतं. तो माझा धंदाच आहे. "मग नवा टाकला की भरून येईल?"

"झिजलं ते झिजलं. पुढचं थांबेल."

हेच वाक्य मी आजवर शंभर पेशंटांबद्दल बोलले असेन. माणूस मुद्द्याचं बोलत होता, आणि मला लबाड माणसाची भीती नाही वाटत तेवढी मुद्द्याचं बोलणाऱ्याची वाटते.

"आणि टाकताना मध्येच वीज गेली तर?"

"तर बोर्ड मेला," तो सहज म्हणाला. "म्हणून आधी सगळ्याची कॉपी काढून घ्यायची. तुमच्या सगळ्या आकारांची. मग अपडेट." असं म्हणून त्यानं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

कॉपी! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

का, ते सांगते. मालकांचे हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागले. ज्या हातांनी मला मेणाची सुरी धरायला शिकवलं ते हात आता चहाचा कप दोन्हीकडून धरतात. ते घरी बसले आणि दोन महिन्यांपूर्वी लॅब त्यांच्या मुलीनं हातात घेतली. ही पोरगी शाळा सुटली की इथे यायची, माझ्या टेबलाखाली बसून मेणाचे तुकडे चावायची. आता सगळे तिला मॅडम म्हणतात. मला ती अजून मावशी म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मावशी, तुमचे सगळे आकार नक्की कुठे सेव्ह असतात हो?"

असं कोण विचारतं? ज्याला न्यायचे असतात तो विचारतो. नंतर तिच्या टेबलावर एका नव्या सॉफ्टवेअरचं चकचकीत पुस्तक दिसलं. मग मी खोलीत शिरले की तिचा फोन "बरं, नंतर बोलू" असा बंद व्हायला लागला. मग पेनड्राइव्हच्या फेऱ्या वाढल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. माझे चौदाशे दात एकदा दुसऱ्या डबीत गेले की मग माझं काय काम? माऊस हलवायला कुणीही चालेल, माझ्या निम्म्या पगारात. मी चोपन्न वर्षांची. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?

म्हणून मी डिस्कला कुलूप लावलं. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते; फोनवर एक व्हिडिओ बघून जेवणाच्या सुट्टीत केलं. कुणी डिस्क काढून नेली तरी दुसरीकडे उघडणार नाही. शेवटी स्क्रीनवर अठ्ठेचाळीस आकड्यांचा एक नंबर आला. व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं, हा जपून ठेवा, बोर्डामध्ये काही बदल झाला तर कॉम्प्युटर हाच नंबर मागेल.

कुठे जपणार? कागदावर लिहिला तर कुणी वाचेल. फोनमध्ये ठेवला तर फोन दुरुस्तीला जातो. घरी ठेवला तर आमचे हे त्यावर किराणा लिहितील. विचार करता करता मला माझा जबडा आठवला. मालकांची पद्धत होती, नवं माणूस कामाला लागलं की त्यानं पहिल्यांदा स्वतःच्याच तोंडाचं माप घ्यायचं आणि स्वतःचाच जबडा ओतायचा. सव्वीस वर्षांपूर्वी मी ओतलेला माझा खालचा जबडा मागच्या फळीवर शेकडो जबड्यांमध्ये उभा होता. तो काढला, उलटा केला आणि मेणाच्या सुरीनं बुडाशी नंबर कोरला. सहा सहा आकड्यांच्या आठ ओळी. परत जागेवर ठेवला. बघा, कोणाची छाती आहे शोधायची! त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाऊन गुणगुणत भांडी घासली.

तीन आठवड्यांनी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर मागच्या फळ्या लख्ख. पाच वर्षांहून जुने सगळे जबडे पोत्यात भरून भराव टाकणाऱ्या गाडीवाल्याला दिले होते.

"किती मोकळं मोकळं वाटतंय ना, मावशी?" पोरगी म्हणाली.

माझाही त्यातच गेला होता. तरी मी तोंड भरून हसले आणि म्हणाले, "हो ना, केवढी धूळ होती!" आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता माझी गत अशी. कुलूप माझं, पण किल्ली कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावात. कॉम्प्युटर रोज नेहमीसारखा चालू व्हायचा, माझा पासवर्ड घ्यायचा, काही कुरकुर नव्हती. पण बोर्डाला हात लागला की नंबर मागणार. आणि हा पेनड्राइव्ह म्हणत होता बोर्डाचा बायोस बदलू.

मी त्याला थेट नाही म्हटलं नाही. मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, विजेचा भरवसा नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी भला मोठा यूपीएस आणून ठेवला. मग म्हणाले, अर्जंट कामं आहेत, ती उरकू दे. मग म्हणाले, तुला हे येतं हे कशावरून, आधी किती जणांचं केलंयस? तो हसला. हसल्यावर त्याचा डावीकडचा सुळा दिसतो. कॅप आहे, आमच्या लॅबची नाही. आम्हाला नाही दाखवले दात, दुसरीकडून करून घेतले. मी तेही लक्षात ठेवलं.

खात्री करावी म्हणून दुपारी बाहेर जाऊन मी दुसऱ्याच एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. नाव न सांगता सगळी लक्षणं सांगितली. तो म्हणाला, "बायोस अपडेट करा. थांबू नका." मला वाटलं, हे दोघं एकमेकांना ओळखत असणार.

घरी यांना सांगितलं. हे डोळ्यावर काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "सगळी दुनिया मिळून तुझ्या दाढा चोरायला निघालीय का गं?"

"तुम्हाला सगळी गंमतच."

"गंमत नाही. तू त्या मुलीला सांगून टाक, की असं असं कुलूप लावलंय आणि नंबर हरवलाय."

"काय सांगू? तुझ्या बापाच्या कॉम्प्युटरला मी तुझ्यापासून कुलूप लावलं म्हणून? लहानपणी माझ्या मांडीवर झोपायची ती."

हे खुर्चीत मागे टेकले. चष्मा काळा असल्यामुळे माझ्याकडे बघत होते की भिंतीकडे तेही कळेना. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

गुरुवारी कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. शुक्रवारी पाच वेळा. सहा दातांचा एक ब्रिज होता, एका गायिकेचा, पुढच्या आठवड्यात तिचा कार्यक्रम. दातांच्या मागची हवा कशी सुटते त्यावर तिचे शब्द ठरणार होते, म्हणून मी प्रत्येक दाताची मागची बाजू केसाएवढी केसाएवढी सरकवत होते. तीनदा केला, तीनदा गेला. दर पाच मिनिटांनी सेव्ह करत होते, तर सेव्ह करतानाच बंद पडला आणि फाईलच खराब झाली. चौथ्यांदा चालूच होईना. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळाच. मी दहा मिनिटं त्याच्यासमोर हात जोडून बसले होते म्हटलं तरी चालेल. मग उठला आपला आपण.

त्या दहा मिनिटांत मला एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती आधी कशी कळली नाही याचा स्वतःवर संताप आला. अपडेट केलं तर नंबर मागणार. नाही केलं तर एक दिवस हा असाच काळा राहणार, मग नवा बोर्ड घालणार, आणि तोही नंबरच मागणार. मी ज्या दाराला पाठ लावून उभी होते त्याच्या दोन्ही बाजूंना तेच होतं. नुसतं टाळत राहून माझे दात वाचणार नव्हते.

तरी मी सांगितलं नाही. रात्री झोप आली नाही, सकाळी डबा घेतला आणि गेले.

शनिवारी अर्धा दिवस काम. एक वाजता सगळे गेले आणि पोरगी माझ्या खोलीत आली. मागे पेनड्राइव्ह. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. एरवी ती दारात उभी राहून बोलते.

"मावशी, आज करायचं. तो ब्रिज सोमवारी जायलाच हवा, आणि हा कॉम्प्युटर सोमवारपर्यंत तग धरेल असं मला वाटत नाही."

"मी सोमवारी सकाळी लवकर येते की. सहालाच येते."

"गेले दहा दिवस तुम्ही हेच करताय. मी तुमच्यापुढे दाताच्या कण्या केल्या. आधी कॉपी, मग अपडेट. आता मला खरं कारण सांगा, नाही तर मी त्याला सुरू कर म्हणते."

पेनड्राइव्हनं गळ्यातला पेनड्राइव्ह काढून हातात घेतला होता. त्यात तो नवा बायोस होता. केवढासा तो तुकडा, आणि माझी अकरा वर्षं त्याच्या टोकावर होती. मला दातखीळ बसली. मनात हिशेब चालूच होता: कॉपी करू द्यावी, दात तर वाचतील, मग अपडेट झाल्यावर नंबर मागितला की आपण आश्चर्य वाटल्यासारखं करावं, अगंबाई हे काय म्हणावं. करता आलं असतं. कॉपी मात्र त्यांच्या हातात जाईल. आणि त्यांनी कॉपी न घेताच सुरू केलं तर सगळंच जाईल. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मालकांसारखीच बघते ती, खालचा ओठ दाताखाली धरून. तिचा पुढचा एक दात किंचित वाकडा आहे. ती दहा वर्षांची असताना मी सांगितलं होतं, सरळ करू नकोस, छान दिसतो.

"डिस्कला कुलूप आहे," मी म्हणाले. "मी लावलंय. तू माझे आकार घेऊन मला घरी पाठवशील असं वाटलं म्हणून. नंबर माझ्या जबड्याखाली कोरला होता आणि तू जबडे फेकून दिलेस. आता बायोस बदलला की कॉम्प्युटर नंबर मागेल आणि तो माझ्याकडे नाही. झालं? हेच कारण."

बोलताना माझा आवाज चढला होता. आपण गुन्हेगार असलो की उलट आपणच ओरडतो.

पेनड्राइव्हनं मानही वर केली नाही. "माहीत आहे, काकू. डिस्कच्या चित्रावर कुलूप दिसतं ना. पहिल्या दिवशीच दिसलं होतं. म्हणून तर कॉपी, कॉपी करत होतो."

"आणि नंबर?"

"चालू आहे तोवर तोच परत दाखवतो की." त्यानं तीन-चार ठिकाणी क्लिक केलं. शेजारचा प्रिंटर खरखरला आणि कागद बाहेर आला. अठ्ठेचाळीस आकडे, आठ गट. मी महिनाभर ज्याच्यासाठी तिळतिळ तुटले होते तो नंबर अर्ध्या मिनिटात माझ्या हातात होता, अजून कोमट. "आणि अपडेटपुरतं कुलूप नुसतं थांबवून ठेवता येतं. मग तो काही मागतच नाही. पण ते तुमच्या पासवर्डनं करावं लागतं, म्हणून तुम्ही सांगायची वाट बघत होतो."

मला हसावं की त्याच्या डोक्यात तो यूपीएस घालावा, कळेना. दहा दिवस माहीत होतं या माणसाला! "तोंडानं विचारायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

त्यानं पोरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी त्याला नको म्हटलं होतं."

पुढची वीस मिनिटं कॉपी झाली. दोन बाहेरच्या डिस्कवर. मी दात ओठ खात नुसती बघत राहिले. मग त्यानं पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, एक साधी पट्टी स्क्रीनवर आली आणि तिच्यात पांढरं हळूहळू भरायला लागलं. "आता कुणी कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि हात मांडीखाली घालून बसला. मी एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला. उठून जाणार तरी कुठे? आम्ही त्याच्या डोक्यावरून बोललो.

"का नको म्हटलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही चाललात." तिचा आवाज एकदम लहान झाला. "त्यानं सांगितलं डिस्कला कुलूप आहे, आणि मला वाटलं तुम्ही सगळे आकार घेऊन पलीकडच्या लॅबमध्ये चाललात. तुम्ही दुपारी बाहेर जाऊन फोन करता. विचारलं की उडवून लावता. मी विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? मला तर कॅप बसवतासुद्धा धड येत नाही."

"अगं, मी त्याच्या ज्ञानाची परीक्षा घ्यायला फोन केला होता."

पेनड्राइव्ह पट्टीकडे असा बघत होता की जणू त्याला मराठी समजतच नाही. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती.

"पहिल्या आठवड्यात विचारलंस, कुठे सेव्ह असतात म्हणून. ते का?"

"बाबांनी सांगितलं होतं. म्हणाले, आधी मावशीच्या दातांची कॉपी करून ठेव, तिचे एवढे कष्ट एका मशीनवर टांगलेले बरे नाहीत." ती थांबली. "कुलपाचं मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना फार लागलं असतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. थरथरत्या हातांचा माणूस घरी बसून माझ्या दातांची काळजी करत होता, आणि मी इथे सुरीनं आकडे कोरत होते. मी पट्टीकडे बघत राहिले. पोरीनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग ती म्हणाली, "अजून एक आहे. मावशी, मी एक जण घेतलीय. सोमवारपासून येतेय."

"माझ्या जागी?"

"तुम्ही गेलात तर लॅब बंद पडायला नको म्हणून. हल्लीचे फोन तिलाच होते, त्याआधीचे त्या नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना. आधी नव्हतं मनात, खरंच सांगते. कुलूप कळल्यावर जाहिरात दिली."

त्याच वेळी पट्टी भरली आणि स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला, परत फिरला, परत थांबला. पेनड्राइव्हच्या कपाळावर घाम होता. म्हणजे त्यालाही भीती वाटते तर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी मनात म्हणत होते, ऊठ बाबा, ऊठ. आणि तो उठला. नंबर मागितला नाही. माझा पासवर्ड मागितला, मी घातला, आणि चौदाशे दात एकाखाली एक, होते तसे आले. शिवणकामवाल्या बाईची खाच होती तिथेच होती.

पण मला म्हणावा तेवढा आनंद झाला नाही. कुणी माझी जागा घेऊ नये म्हणून मी कुलूप लावलं, आणि कुलूप लावलं म्हणूनच माझ्या जागेवर माणूस आलं. हे दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

पेनड्राइव्ह चहा प्यायला बाहेर गेला. पोरगी म्हणाली, "तिला नको म्हणून कळवू का? तुम्ही राहणार असाल तर."

"आत्ता कुठे आहे ती कामाला?"

"कालच सोडलं तिनं तिथलं. आपल्या भरवशावर."

हो, कळव, एवढे दोनच शब्द होते. माझ्या जिभेवर आलेही होते. मोठं मन वगैरे माझ्याकडे नाही. हे सांगतील तुम्हाला. पण कुणीतरी एक बाई आज घरी बसून सोमवारची तयारी करत असणार, कपड्यांना इस्त्री करत असणार, आणि आपली खुर्ची गेली तर काय होतं ते गेले दोन महिने मी रोज मनात जगून बघितलं होतं.

"येऊ दे," मी म्हणाले.

"तुम्ही तिला तुमचे दात दाखवाल?"

"दाखवीन." आणि म्हणता म्हणता मनातला तो जुना संशयाचा किडा परत वळवळला. या वेळी मी त्याला आत ठेवला नाही. "पण ऐक. मला आत्ता असं वाटतंय की ती तीन महिन्यांत सगळं शिकेल आणि मग तू मला जा म्हणशील. वाटतंय ते सांगून टाकते. परत जबड्याखाली कोरत बसायला नको."

मला वाटलं ती म्हणेल, छे हो मावशी, असं कसं बोलता. तिनं तसं काही म्हटलं नाही. खालचा ओठ दाताखाली धरला.

"तीन महिन्यांनी काम किती असेल ते मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "दोघींना पुरेल असं मी आज सांगू शकत नाही. पण पुरणार नसेल, तर ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. माझ्या तोंडानं."

दोन महिन्यांत तिच्याकडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपैकी ही एकच अशी होती की तिच्यावर मला काडीचाही संशय आला नाही. मी गायिकेचा ब्रिज उघडला आणि तिला म्हणाले, जायच्या आधी तुझ्या खोलीतली दुसरी खुर्ची माझ्या शेजारी आणून ठेव, सोमवारी लागेल.